मुंबई ते टोकियो: जाताना आठ तास, येताना दहा, मग खरं अंतर किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत आई-बाबांना घेऊन पुण्याहून योकोहामाला बहिणीकडे जायचंय. मुंबई-टोकियो अंतर एके ठिकाणी ६,७३० किलोमीटर दिसतं, दुसरीकडे ६,७९०, तिसरीकडे सात हजारांच्या घरात. थेट विमानाला जाताना आठ तास दाखवतात आणि येताना दहा. बाबांचं म्हणणं, परतीचं विमान वाटेत कुठेतरी गुपचूप उतरत असणार. शिवाय थेट जावं की बँकॉक-सिंगापूरवरून, आणि परतल्यावर पुण्याची गाडी किती वाजताची सांगावी, हेही विचारलंय.

बाबांना सांगा, विमान कुठेही उतरत नाही. वाट साधारण तीच असते, विमानही तेच असतं, वेगही तोच. फरक सगळा वाऱ्याचा.

मी सव्वीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर होतो. हे काम फारसं कुणाला माहीत नसतं. विमान कुठल्या वाटेने जाईल, किती उंचीवरून जाईल, पोटात किती इंधन घेईल, हे ठरवणारा माणूस खाली जमिनीवर, बिनखिडकीच्या खोलीत बसलेला असतो. कागदावर कॅप्टनच्या सहीशेजारी आमची सही. पूर्वेकडची उड्डाणं बरीच वर्षं माझ्याकडे होती, त्यामुळे हा प्रश्न मला नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि एकदा लग्नाच्या पंगतीत भटजींनीही विचारलाय.

आधी अंतराचा घोळ मिटवू. टोकियोला दोन विमानतळ आहेत. हानेदा शहराला चिकटून, आणि नरिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर पूर्वेला. आपण पश्चिमेकडून जातो, म्हणजे नरिताला उतरणाऱ्याला शहर ओलांडून पुढे जावं लागतं. मुंबई विमानतळापासून हानेदा सरळ रेषेत साधारण ६,७३० किलोमीटर आणि नरिता ६,७८० ते ६,८००. तुम्हाला दिसलेले पहिले दोन आकडे हेच, दोन्ही बरोबर. काही ठिकाणी ३,६६० असाही आकडा सापडेल. तो नॉटिकल मैलांचा, आमच्या धंद्यातला. आणि सात हजारांच्या आसपासचा जो आकडा आहे तो विमान प्रत्यक्षात कापतं त्या वाटेचा. तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाहीये.

आता ही 'सरळ रेषा' म्हणजे काय ते बघण्यासारखं आहे. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि टोकियो पट्टीने जोडलंत तर चुकाल, कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. गोलावरची सर्वांत जवळची रेषा मी एकदा हौसेने हिशेब करून काढली होती. मुंबईहून निघाली की ती सिन्नरच्या जरा दक्षिणेकडून जाते, अजिंठ्याच्या लेण्यांजवळून, बोदवडच्या डोक्यावरून खानदेश सोडते. पुढे जबलपूर, मग पाटण्याच्या थोडं खाली, मग सिलिगुडी. तिथून भूतानात शिरते आणि ब्रह्मपुत्रा जिथे तिबेटातून वळसा घालून खाली येते, त्या वळणावरच्या नामचा बारवा शिखराच्या अगदी शेजारून जाते. शिखराची उंची ७,७८२ मीटर. मग सिच्वानचे डोंगर, शीआनच्या दक्षिणेचा भाग, पिवळा समुद्र, दक्षिण कोरियाचं जेओंजू, आणि शेवटी जपानच्या समुद्रावरून किंचित खाली उतरत नरिता.

या वाटेने कुणी जात नाही. अडचण नामचा बारवाची नाही, विमान त्याच्या कितीतरी वर असतं. अडचण आहे ती त्यापुढच्या उंच मुलखाची. समजा केबिनमधला दाब गेला. छतातून पिवळे मुखवटे खाली येतात, सूचना सांगताना दाखवतात ते. त्यातला प्राणवायू साधारण १२ ते २२ मिनिटं पुरतो. तेवढ्या वेळात विमानाने दहा हजार फुटांच्या आसपास खाली यायचं असतं, म्हणजे माणसं साध्या हवेत श्वास घेऊ शकतात. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच, म्हणजे जवळजवळ पंधरा हजार फूट. खाली यायला जागाच नाही! त्या भागावरून मोजके हवाई मार्ग आहेत, पण तिथून उडायला जास्तीच्या प्राणवायूची सोय आणि प्रत्येक टप्प्यासाठी सुटकेची आखलेली वाट लागते. मुंबई-टोकियोच्या विमानाने एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

म्हणून विमान हिमालयाला बगल देतं. नागपूरच्या बाजूने कोलकाता, बांगलादेश आणि म्यानमार ओलांडून कुनमिंगकडे चीनमध्ये प्रवेश, मग शांघायच्या आसपास समुद्र, आणि क्यूशूच्या बाजूने जपान. हा आसाम-कुनमिंगचा पट्टा हवाई इतिहासात गाजलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, ब्रह्मदेशातला रस्ता जपान्यांनी तोडल्यावर दिंजान, चाबुआ या आसामातल्या धावपट्ट्यांवरून अमेरिकी मालवाहू विमानं रात्रंदिवस चीनला सामान पोचवत होती. वैमानिक त्या डोंगररांगेला 'हंप', म्हणजे उंटाचं मदार म्हणायचे. साडेसहा लाख टन माल गेला त्या वाटेने, आणि शेकडो विमानं डोंगरांत राहिली. आज त्याच्या जरा खालून जाताना प्रवासी जेवणाचे ट्रे परत देत असतात.

गंमत अशी की या बगलेची किंमत फार नाही. मुंबई-कोलकाता १,६६५, कोलकाता-कुनमिंग १,४९५, कुनमिंग-शांघाय १,९६५, शांघाय-नरिता १,७९५. बेरीज ६,९२०. म्हणजे सरळ रेषेपेक्षा जेमतेम १३०-१४० किलोमीटर जास्त, वेळात नऊ-दहा मिनिटं. उतरण्या-चढण्याचे वळसे धरले की सात हजार. दिल्लीहून टोकियोला जाणाऱ्याला मात्र हा वळसा जास्त पडतो, कारण त्याची सरळ रेषा तिबेटातून आडवीच जाते. पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद असलं की युरोप-अमेरिकेची विमानं लांबतात तशी ही लांबत नाहीत. पूर्वेला जाणाऱ्याचा त्या आकाशाशी संबंधच येत नाही. हा प्रश्न तुम्ही विचारला नव्हता, पण पुढचा माणूस हमखास विचारतो.

आता वारा.

मोठं जेट विमान, समजा बोइंग ७८७, भोवतालच्या हवेतून ताशी साधारण ९०० किलोमीटरने चालतं. 'हवेतून' हा शब्द महत्त्वाचा. हवा स्वतः ताशी १०० किलोमीटरने पूर्वेकडे सरकत असेल तर जमिनीच्या हिशेबाने जाताना वेग १,००० होतो आणि येताना ८००. होडी नदीच्या धारेबरोबर गेली आणि धारेविरुद्ध आली, एवढंच. ६,९०० किलोमीटर धरा: वारा नसता तर दोन्ही बाजूंनी सात तास चाळीस मिनिटं. शंभरच्या वाऱ्यात जाताना सहा तास चोपन्न मिनिटं, येताना आठ तास सदतीस. हे नुसतं आकाशातलं. विमानतळावर चाकांवरून चालण्याचा वेळ नंतर मिळवू.

इथे लोकांना वाटतं की जाताना वाचलं ते येताना गेलं, हिशेब बरोबर. तसं होत नाही. वरच्या दोन वेळांची बेरीज करून बघा, १५ तास ३१ मिनिटं. वारा नसता तर १५ तास २०. वारा दीडशेचा केलात तर जाताना ६ तास ३४, येताना ९ तास १२, बेरीज १५ तास ४६. जाताना मिळालेली सवलत येताना व्याजासकट वसूल होते, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून पडतं. आमच्या खात्यात याला कुणी काही नाव ठेवलं नव्हतं, पण हिशेब तपासनीस दरवर्षी विचारायचे की सरासरी का जुळत नाही.

हा वारा साधा वारा नव्हे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी जेट स्ट्रीम, हवेची नदी म्हणा हवं तर. हिवाळ्यात तिचा एक पट्टा उत्तर भारतावरून, साधारण लखनौच्या अक्षांशावरून जातो, पुढे दक्षिण चीन आणि मग जपान. जपानच्या आसपास ती जगातल्या सर्वांत जोरदार वाऱ्यांत मोडते. एका बाजूला सैबेरियाची गोठवणारी हवा, दुसऱ्या बाजूला प्रशांत महासागराचा उबदार प्रवाह, आणि वरून उत्तरेकडची दुसरी जेट तिथे येऊन मिळते. जानेवारीत तिथे ताशी ३०० किलोमीटरचा वारा म्हणजे बातमी नाही.

जेट स्ट्रीमचा शोध जपानातच लागला, हे मला फार आवडतं. टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथे वातावरणाची वेधशाळा होती. तिचे प्रमुख वासाबुरो ओइशी. १९२० च्या दशकात ते फुगे सोडून दुर्बिणीतून त्यांचा मार्ग टिपत. १९२४ च्या डिसेंबरात नऊ किलोमीटर उंचीवर सेकंदाला सुमारे ७० मीटरचा वारा त्यांनी नोंदवला, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर. जगाने वाचावं म्हणून त्यांनी १९२६ साली अहवाल छापला, तो एस्पेरांतो भाषेत! ही कृत्रिम भाषा सगळ्या जगाची होईल अशी त्यांची श्रद्धा. परिणाम असा की बाहेर तो कुणी वाचलाच नाही. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानं टोकियोवर आली आणि वाऱ्याने त्यांची नेमबाजी पार उधळली, तेव्हा त्यांना या नदीची खरी ओळख झाली. त्याच हिवाळ्यात जपान्यांनी याच वाऱ्यावर कागदी फुगे सोडले, सुमारे ९,३०० बॉम्बवाहू फुगे, प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेत पडावेत म्हणून. काही पडलेही.

आम्ही हा वारा बघायचो तो नकाशावर. ३४,००० फुटांचा नकाशा उघडला की भर हिवाळ्यात चीनपासून जपानपर्यंत बाणांच्या शेपट्यांना त्रिकोणी झेंडे लागलेले असत. एक भरीव त्रिकोण म्हणजे ५० नॉट, पूर्ण रेघ म्हणजे १०, अर्धी म्हणजे ५. तीन त्रिकोण म्हणजे १५० नॉट, ताशी २७८ किलोमीटर. नव्या पोरांना मी सांगायचो, आकडे नंतर वाचा, आधी झेंडे मोजा. फ्लाइट प्लॅनच्या कागदावर प्रत्येक टप्प्यासमोर वाऱ्याचा एक रकाना असतो. 'पी' म्हणजे पाठीमागून, 'एम' म्हणजे तोंडावर. जाणाऱ्या विमानाच्या कागदावर पी ०४०, पी ०७५, पी १३० असं चढत जातं. येणाऱ्याचा कागद उघडला की पहिल्याच पानावर एम १४०. त्या कागदाची एक नक्कल मिळाली असती तर बाबांची शंका तिथल्या तिथे फिटली असती.

आणि म्हणूनच सर्वांत जवळची वाट ही नेहमी सर्वांत लवकरची नसते. एका फेब्रुवारीत परतीच्या विमानासाठी मी दोन प्लॅन काढले होते. नेहमीचा, शांघाय-कुनमिंगवरून, आणि दुसरा दक्षिणेकडून, तैवान, हाँगकाँग, व्हिएतनामचा उत्तर भाग, मग कोलकाता. दुसरा साडेतीनशे किलोमीटरने लांब. पण जेटच्या मुख्य धारेतून लवकर बाहेर काढत होता. हिशेब केला तर लांबच्या वाटेने विमान पंधरा मिनिटं आधी मुंबईत. कॅप्टन नवीन होते. कागद बघून म्हणाले, "अहो, हा नकाशा चुकलाय का? तुम्ही मला हाँगकाँग दाखवायला नेताय." मी दोन्ही वारे शेजारी ठेवले. त्यांनी काही न बोलता दक्षिणेच्या कागदावर सही केली आणि माझं पेन खिशात टाकून निघून गेले.

हे पंधरा मिनिटांचं वेड का, तर इंधन. ७८७ सारखं विमान तासाला साधारण पाच टन पितं. शिवाय जास्तीचं इंधन उचलून नेण्यासाठीही इंधन लागतं. जादा घेतलेल्या दर टनातलं तासाला तीन-चार टक्के नुसतं स्वतःला वाहण्यातच जळतं. दहा तासांच्या प्रवासाला एक टन जादा घेतलंत तर मुंबईत उतरताना त्यातलं सुमारे दोनतृतीयांश टनच उरलेलं असतं. वारा फारच उलटा असेल तर माल कमी करावा लागतो. प्रवाशांची बॅग दुसऱ्या दिवशी आली की ते हमालांना शिव्या देतात. कधीकधी दोष त्या त्रिकोणी झेंड्यांचा असतो.

उन्हाळ्यात चित्र पालटतं. मे अखेरीला-जूनमध्ये ही जेट हिमालयाच्या दक्षिणेकडून उठून तिबेटच्या उत्तरेला जाते, आणि जवळपास तेव्हाच आपल्याकडे मोसमी पाऊस येतो. हे दोन्ही एकमेकांशी जोडलेलं आहे. मग दक्षिण भारतावर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा उंचावरचा वारा सुरू होतो. त्यावर १९५८ साली आपल्याच हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी गाजलेला निबंध लिहिला. जुलैत टोकियोला गेलात तर जाण्या-येण्यातला फरक बराच मिटतो. तुम्ही जानेवारीत चाललाय, म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा फरक तुमच्या वाट्याला आलाय.

मग वेळापत्रकात आठ आणि दहा का लिहितात, आकाशातला वेळ सात आणि नऊच्या आसपास असताना? कारण वेळापत्रकातला वेळ हा ब्लॉक टाइम असतो. विमानाच्या चाकामागचा ठोकळा काढला तेव्हापासून तिकडे ठोकळा लावेपर्यंत. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी कामाला एकच. रात्री आठच्या सुमाराला रांगेत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. शिवाय उड्डाण बहुतेक वेळा समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे. जायचं पूर्वेला आणि तोंड अरबी समुद्राकडे! वळून परत मुंबईवर यायलाच काही मिनिटं जातात. कंपन्या थोडा फुगवटाही ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी 'वेळेवर' म्हणता येतं. म्हणून जानेवारीत विमान टोकियोला अर्धा तास आधी पोचलं तर वैमानिकाचं कौतुक करू नका. आणि अर्धा तास आधी पोचूनही दार उघडायला थांबावं लागलं तर चिडू नका. नरिता रात्री बारा ते सकाळी सहा बंद असतं. आजूबाजूला शेतं आणि गावं आहेत, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी हा विमानतळ होऊ नये म्हणून केलेला संघर्ष जपानात अजून विसरलेले नाहीत. पहाटेचं विमान फार लवकर आलं तर त्याला बाहेरच रेंगाळावं लागतं.

घड्याळाचा घोळ वेगळाच. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरची, जपानची १३५ अंशांवरची. फरक ५२.५ अंश, दर पंधरा अंशाला एक तास, म्हणजे साडेतीन तास. समजा विमान मुंबईहून रात्री ८ ला निघालं आणि सकाळी साडेसातला पोचलं. बाबा बोटं मोजतील, साडेअकरा तास. त्यातले साडेतीन वजा करा, आठ. परतीला सकाळी ११ ला निघून संध्याकाळी साडेपाचला मुंबई. बोटांवर साडेसहा तास, खरे दहा. म्हणजे तिकिटावर बघणाऱ्याला जाणं लांब आणि येणं छोटं दिसतं, वस्तुस्थिती बरोबर उलटी.

यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मेहुण्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, आठ तास, जायला आणि यायला. त्याने त्या भरवशावर त्याच संध्याकाळची कोकणात जाणारी गाडी पकडायची ठरवली. फेब्रुवारीचे दिवस. विमान सव्वादहा तासांनी टेकलं, गाडी गेली, आणि तो सामानासकट आमच्या दोन खोल्यांत रात्रभर राहिला. बायको अजून दाखला देते. तेव्हापासून मी कुणालाही एक आकडा सांगत नाही. दोन सांगतो, आणि महिना विचारतो.

आता थेट की थांबून. तुमच्यासमोरचे पर्याय अंतराच्या हिशेबात असे पडतात. हाँगकाँगवरून ७,२३५ किलोमीटर, म्हणजे वाटेतलंच स्टेशन. बँकॉकवरून ७,६८०. सिंगापूरवरून ९,२८०. नकाशात खाली विषुववृत्तापर्यंत जायचं आणि परत वर चढायचं, सरळ रेषेपेक्षा अडीच हजार किलोमीटर जास्त, तीनेक तासांची भर, थांबा वेगळा. दिल्लीवरून आकड्यात ७,०५०, पण दिल्लीच्या पुढे मघाशी सांगितलेला तिबेटचा वळसा आहेच, आणि मुंबईहून आधी उत्तरेला जाऊन टर्मिनल बदलण्याची शक्यता. तिकीट स्वस्त असेल आणि माणूस तिशीतला असेल तर सिंगापूरचा विमानतळ बघायला हरकत नाही. सत्तरी ओलांडलेल्या दोघांना रात्री दोन वाजता उठवून दुसऱ्या विमानात बसवणं मला पटत नाही. थेट मिळत असेल तर थेट, नाहीतर हाँगकाँग. थेट विमानं रोज असतीलच असं नाही, हंगामानुसार दिवस बदलतात, तेव्हा तारीख ठरवण्याआधी वार बघा. १९५५ साली एअर इंडिया इंटरनॅशनलची सुपर कॉन्स्टेलेशन विमानं टोकियोला जाऊ लागली तेव्हा कोलकाता, बँकॉक, हाँगकाँग असं थांबत थांबतच जात. तेव्हा बाबांची शंका खरी ठरली असती.

एक गोष्ट मात्र अंतरापेक्षा जास्त मोलाची, आणि ती कुणी बघत नाही. बहीण योकोहामाला आहे. हानेदाहून योकोहामा लोकलने अर्ध्या तासाच्या आत. नरिताहून दीड तास, आणि तोही गाडी लगेच मिळाली तर. एखादं विमान आकाशात तासभर जास्त घेत असेल पण हानेदाला उतरत असेल, तर आई-बाबांसाठी मी डोळे मिटून तेच घेईन.

विमानात बसल्यावर बाबांना समोरच्या पडद्यावरचा नकाशा लावून द्या. त्यांच्यासारख्या माणसाला सिनेमापेक्षा त्यात जास्त रस वाटेल. चीनमध्ये शिरल्यावर उंचीचा आकडा बघायला सांगा. भारतात ३७,००० फूट दिसणारं विमान तिथे ३७,१०० दाखवेल. विमान चुकलेलं नसतं. चीनमध्ये उंची मीटरमध्ये देतात, ११,३०० मीटर, आणि त्याचे फूट केले की वरचे शंभर येतात. शांघायच्या पुढे जमिनीवरचा वेग १,१०० च्या वर गेलेला दिसेल, कदाचित १,२०० च्या जवळ. "आवाजापेक्षा वेगाने चाललंय का?" असं विचारतील. नाही. हवेतून ते त्याच नऊशेने चाललंय, हवाच धावतेय. त्याच भागात पट्टा बांधा अशी सूचना येण्याची शक्यता जास्त, कारण जेटच्या काठावर ढग नसतानाही हादरे बसतात. आईंना चहा गरम हवा असेल तर अर्धा कपच घ्यायला सांगा.

रात्र लहान असेल, हे आधीच सांगून ठेवा. जानेवारीत टोकियोला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, आपल्या घड्याळात पहाटेचे सव्वातीन. नाश्ता त्याच्याही आधी येतो. म्हणजे पोटाच्या हिशेबाने रात्री अडीचला ऑम्लेट. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या घड्याळ बघून घ्यायच्या की जेवण बघून, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि जेवण झाल्या झाल्या खिडकी बंद करून झोपायला लावा, नाहीतर नरिताला उतरल्यावर दोघंही बहिणीशी बोलता बोलता पेंगतील.

परतीला त्याच पडद्यावर वेग साडेसहाशेच्या आसपास दिसेल, पहिले दोन तास तरी. तेव्हा बाबांना पुन्हा शंका येईल की विमान रेंगाळतंय. त्यांना तो 'एम १४०' चा किस्सा सांगा. आणि पुण्याची गाडी साडेपाचची सांगू नका. विमान साडेपाचचं असेल, त्यापुढे इमिग्रेशन, बॅगा, आईंची व्हीलचेअर, आणि हिवाळ्यातला वारा. ड्रायव्हरला साडेसातला ये म्हणावं, आणि पार्किंगमध्ये आत न घेता फोनची वाट बघ म्हणावं.